सहाचा नऊ होतो तेव्हा: एका आयर्न संचाच्या रंगभरणीचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: गोल्फच्या बॅगेतून सहा नंबरचा आयर्न, म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब, काढायला हात घातला की कधी कधी नऊ नंबरचा हातात येतो आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या, बराच अलीकडे पडतो.

क्लबांचे मालक साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. चष्म्याचा नंबर नुकताच बदललेला, त्यामुळे त्यांनी सगळा दोष आधी डोळ्यांवर ढकलला होता. पण संच टेबलावर मांडल्यावर दिसलं की डोळे बिचारे फारसे दोषी नाहीत. सोलवरचे, म्हणजे क्लबच्या डोक्याच्या तळावरचे, कोरीव आकडे एके काळी काळ्या रंगाने भरलेले होते आणि तो रंग बहुतेक ठिकाणी उडाला होता. उरली ती क्रोमचीच खाच. चकचकीत धातूतली चकचकीत खाच भर उन्हात वाचता येत नाही. शिवाय बॅगेत क्लब डोकं वर करून उभा असतो आणि कुठल्याही बाजूला फिरलेला असतो. आकडे इंग्रजीतले, म्हणजे उलट्या बाजूने पाहिलेला सहा नऊच दिसणार. सहाचा लॉफ्ट, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूचा (फेसचा) मागे झुकलेला कोन, साधारण ३० अंशांच्या आगेमागे असतो आणि नऊचा ४० अंशांच्या आसपास. एका नंबरामागे १० यार्डांचा फरक धरला तरी ही चूक ३० यार्डांना पडते.

कोरीव खुणांत रंग भरण्याचं काम, ज्याला खेळणारे पेंटफिल म्हणतात, बहुतेक लोक हौसेखातर करून घेतात. आवडीचा रंग, आद्याक्षरं, बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसणारी बॅग. यात गैर काही नाही, मी स्वतः त्या हौसेचा चाहता आहे. पण इथे काम वाचता येण्याचं होतं, आणि त्यामुळे जवळजवळ प्रत्येक निर्णय वेगळा पडला.

टेबलावर काय आलं

पाच ते नऊ आणि पिचिंग वेज असे सहा आयर्न, एक सँड वेज (वेज म्हणजे जास्त लॉफ्टचा, जवळच्या फटक्यांचा क्लब), ग्रीनवर चेंडू सरकवायचा एक पटर आणि सोबत लांब फटक्याचा ड्रायव्हर. आयर्न घडीव, म्हणजे फोर्ज केलेले. मऊ कार्बन स्टील, त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोमचा पातळ मुलामा. सँड वेज ओतीव आणि मुद्दाम मुलाम्याविना ठेवलेला, त्यावर गंजाचा हलका तपकिरी थर. पटर स्टेनलेस स्टीलच्या ठोकळ्यातून मशीनवर कापलेला, वरून काळं मॅट फिनिश आणि फेसमध्ये चिकटवलेला पॉलियुरेथेनचा तुकडा. एकाच बॅगेतल्या या तीन तऱ्हा, आणि एकीला चालणारं द्रावण दुसरीला चालेलच असं नाही.

संच वापरलेला घेतलेला होता. आधीच्या मालकाने दुरुस्तीचा प्रयत्न केला होता हे भिंगातून लगेच कळलं. खाचेच्या तळाशी कारखान्याच्या काळ्या रंगाचे तुकडे, त्यावर लाल नेलपॉलिश, आणि नेलपॉलिशच्या पृष्ठभागावर दुधासारखी धूसर साय. ही साय म्हणजे मळ नव्हता. नेलपॉलिशमधला मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, आणि तो झरझर उडून जाणाऱ्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर बाष्प बसतं आणि थर पांढुरका पडतो. धातू स्वतः गार असेल तर हे आणखी लवकर होतं. लाल रंगाचा गुलाबी-राखाडी झाला होता तो असा.

भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली आणि पुढच्या सगळ्या कामाचा पाया तीच ठरली. सोलवरचे आकडे ठोकून उमटवलेले होते, चांगले खोल. खाचेच्या भिंती आत उतरत जाणाऱ्या आणि तळ निमुळता. मागच्या बाजूला कंपनीचं नाव मात्र उथळ, नखाला जेमतेम जाणवेल इतकंच. आधीच्या मालकाने दोन्हीकडे एकच पद्धत वापरली होती. आकड्यांमध्ये नेलपॉलिश निदान तुकड्यांनी टिकलं होतं. नावातली अर्धी अक्षरं जादा रंग पुसतानाच निघून गेली असणार, कारण तिथे तळाशी लालाचा मागमूसही नव्हता, कडेला तेवढी रेघ होती.

काय करायचं नाही, ते आधी

ड्रायव्हर तसाच परत दिला. त्याच्या सोलवरची अक्षरं कोरलेली नव्हतीच. ती छापलेली होती आणि वर पारदर्शक लेप होता. तिथे खाच नाही, म्हणजे रंगाला धरून ठेवणारं काही नाही, आणि जोरकस द्रावक लावला तर आधी लेपच मऊ पडेल. पेंटफिल टिकतं ते चिकटपणामुळे कमी आणि खाचेच्या भिंतींमुळे जास्त. गुळगुळीत क्रोमवर रंग नीट धरत नाही हे वाहनं रंगवणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

मालकांची दुसरी इच्छा होती आयर्नच्या फेसवरच्या सर्वांत खालच्या खोबणीत पांढरी रेघ भरण्याची, म्हणजे चेंडूसमोर क्लब ठेवताना सरळपणा कळेल. कल्पना त्यांची नवी नाही. अनेक आयर्न कारखान्यातूनच तशी रेघ घेऊन येतात. मी नको म्हटलं. खोबणीचं काम फेस आणि चेंडूच्या मधलं पाणी आणि गवत बाजूला काढणं. तिची खोली नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्यात रंग भरला तर जागा तेवढी कमी झाली. आणि इतकं करून बंकरमधले, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातले, चार फटके मारले की वाळू तो रंग खरवडून काढतेच. पाठीवर आणि सोलवर रंगाने खेळात काही बदलत नाही, फेसवर बदलू शकतं. माझी सीमारेषा तिथे आहे.

नियमांचा एक मुद्दा मालकांनीच काढला. गोल्फच्या नियमांतला नियम ४.१ फेरी चालू असताना क्लबची कामगिरी मुद्दाम बदलायला मनाई करतो, आणि त्या हेतूने क्लबहेडवर काही लावायलाही. आकड्यात रंग भरल्याने कामगिरीत फरक पडत नाही. तरी हे काम घरी करायचं आणि रंग पुरता वाळल्याशिवाय क्लब बॅगेत घालायचा नाही. हे नियमापेक्षा शहाणपणाचं म्हणून.

वजनाची शंका हमखास येते, इथेही आली. हिशेब सोपा आहे. आठ मिलिमीटर उंचीचा आकडा, दीड मिलिमीटर रुंद रेघ, रेघेची एकूण लांबी धरा २५ मिलिमीटर आणि खोली सरासरी ०.४. म्हणजे सुमारे १५ घन मिलिमीटर. वाळलेल्या रंगाचं हे वजन एका ग्रॅमच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास जातं. हेडवरच्या सगळ्या खुणा धरल्या तरी ग्रॅमचा दहावा हिस्सा झाला तर झाला. स्विंगवेट, म्हणजे क्लब फिरवताना हेड किती जड जाणवतं त्याचं माप, एका अंकाने हलायला हेडमध्ये साधारण दोन ग्रॅम लागतात. सोलला चिकटलेला ओला चिखल याहून जड असतो.

जुना रंग काढणं

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि जावा. खाचेत जुन्या रंगाचा कण राहिला तर नवा रंग धातूवर बसत नाही, त्या कणावर बसतो, आणि कण सुटला की तोही सुटतो.

आयर्नसाठी ॲसिटोन. क्रोमला, निकेलला आणि स्टीलला त्याने काही होत नाही. होतं ते बाकीच्या भागांना. शाफ्ट, म्हणजे दांडा, जिथे हेडमध्ये शिरतो तिथली काळी प्लास्टिकची बांगडी, म्हणजे फेरूल, ॲसिटोनमध्ये मऊ पडते. क्लब बांधणारे कारागीर फेरूलला चमक आणायला ॲसिटोनचा बोळा एकदाच झरकन फिरवतात, तो याच गुणामुळे. तोच बोळा दोन मिनिटं टेकवून ठेवला तर चमकेच्या जागी ओरखडे आणि चिकट डाग. शाफ्टवरचं लेबलही ॲसिटोनने जातं. म्हणून फेरूल आणि शाफ्टचा वरचा भाग आधी झाकून टेपने बांधला, आणि क्लब नेहमी हेड खाली करून धरला, म्हणजे ओघळ शाफ्टकडे जात नाही.

कापसाचा छोटा तुकडा भिजवून आकड्यावर ठेवायचा, वर प्लास्टिकचा तुकडा झाकायचा, नाहीतर ॲसिटोन काम करण्याआधीच उडून जातं. नेलपॉलिश काही मिनिटांत लोण्यासारखं सुटलं. खालचा कारखान्याचा काळा रंग मात्र हटवादी होता. तो भट्टीत पक्का केलेला किंवा दोन भागांचा रंग असावा, कारण ॲसिटोनने तो विरघळत नव्हता, फुगून सैल पडत होता. पुन्हा पुन्हा भिजवणं आणि लाकडी टूथपिकने उकरणं, एवढाच मार्ग. टूथपिकचं टोक ॲसिटोनमध्ये चावल्यासारखं पसरतं. ते बरंच असतं, त्याचा छोटा कुंचला होतो.

सुई किंवा टोच्या वापरायचा मोह इथे आवरावा लागतो. क्रोमचा मुलामा देताना खोल, अरुंद कोपऱ्यांत तो नीट पोचत नाही. सपाटीपेक्षा खाचेत तो पातळच असतो, कधी तळाशी नुसतं निकेलच असतं. तिथे स्टीलच्या टोकाने निकेलही फाटलं की खाली कार्बन स्टील उघडं पडतं आणि मग रंगाखाली गंज धरतो. बाहेरून काही दिसत नाही, पण काही महिन्यांनी आकडा फुगतो.

ताप देऊन रंग सोडवण्याची युक्ती काही जण सांगतात. आयर्नवर ती नको. शाफ्ट हेडमध्ये इपॉक्सीने चिकटवलेला असतो, आणि शाफ्ट बदलायचा असेल तेव्हा कारागीर होझलला, म्हणजे शाफ्ट बसतो त्या हेडच्या नळीला, ताप देऊनच तो गोंद सोडवतात. आकडा साफ करताना शाफ्ट ढिला व्हायला नको. मेथिलीन क्लोराइडचे जुने, जालीम रिमूव्हर या कामाला लागत नाहीत. त्यांची वाफ इतकी घातक की अमेरिकेने २०१९ मध्ये घरगुती विक्रीच्या रिमूव्हरमधून ते रसायन बंद केलं.

ॲसिटोनही काही गरीब नाही. उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते, म्हणजे खोलीत कुठलीही ज्योत किंवा ठिणगी नको, खिडक्या उघड्या. निळे नायट्राइल हातमोजे त्यात लवकरच फुगून फाटतात, ब्यूटिल रबराचे टिकतात.

कोणता रंग, कशाने पुसायचा

रंगाची चर्चा बहुतेक वेळा छटेवर अडकते. खरा प्रश्न असतो तो असा की भरल्यावर खाचेबाहेर आलेला रंग पुसणार कशाने, आणि ते पुसणारं द्रावण खाचेतल्या रंगाला काय करतं. रंग आणि पुसणी ही जोडीनेच निवडायची.

आधीच्या मालकाचं फसलं ते या जोडीत. नेलपॉलिश द्रावक उडाला की वाळतं, बस. त्यात पुढे रासायनिक बदल होत नाही, त्यामुळे वर्षभर वाळलेलं नेलपॉलिशही ॲसिटोनमध्ये पुन्हा ताजं होतं. जादा रंग पुसायला ॲसिटोन घेतलं की ते खाचेतलाही ओढून काढतं. खोल आकड्यात तळाचा रंग वाचतो, उथळ अक्षरात तळ आणि माथा यांत अंतरच नसतं. शिवाय नेलपॉलिशमध्ये बराच भाग द्रावकाचा असतो. काठोकाठ भरलेलं वाळून खड्ड्यासारखं आत बसतं आणि दोन-तीन थर द्यावे लागतात. एक बाजूही सांगायला हवी: मिळायला सोपं, छटा अगणित, नखाच्या वाकण्याला पुरेल इतकं लवचिक, आणि नाही आवडलं तर पाच मिनिटांत साफ. खोल कोरीव खुणा, कोरडी हवा आणि संयमी हात असेल तर नेलपॉलिशवर काम चांगलं होतं. या संचाला ते चालणार नव्हतं.

पाण्याचे ॲक्रिलिक रंग बाजूला ठेवले. वास नाही, काम सुटसुटीत, पण क्रोमवर त्यांची पकड सर्वांत कमजोर, आणि मालक प्रत्येक फटक्यानंतर ओल्या फडक्याने क्लब घासणारे. दोन भागांचा इपॉक्सी रंग टिकायला सर्वांत उत्तम. तो आकसत नाही म्हटलं तरी चालेल. पण एकदा पक्का झाला की काढणं अवघड, आणि आम्हाला रंगांची मांडणी खेळून पाहायची होती. पहिल्याच फेरीत कायमचा रंग भरणं मला पटलं नाही.

निवडला तो मॉडेल रंगवणाऱ्यांचा तेलाधारित इनॅमल. हा दोन टप्प्यांत वाळतो. आधी द्रावक उडतो आणि रंग घट्ट होतो. मग हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तो कित्येक दिवस आतून पक्का होत राहतो. पहिल्या टप्प्यात मिनरल टर्पेंटाइन त्याला विरघळवतं, दुसरा पूर्ण झाल्यावर जवळपास नाही. या दोहोंच्या मध्ये एक वेळ येते, जेव्हा खाचेतला जाड रंग वरून साय धरून बसलेला असतो आणि बाहेर पसरलेला पातळ थर टर्पेंटाइनच्या नुसत्या ओलसर फडक्याने निघतो. ती वेळ पकडायची. शीशीवर लिहिलेल्या वेळेवर विसंबून ती सापडत नाही. सोबत धातूच्या एखाद्या टाकाऊ पट्टीवर तसाच थर देऊन ठेवायचा आणि बोट लावायचं ते त्याच्यावर.

भरणं आणि पुसणं

भरण्याआधी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने खाच पुसून घेतली आणि नंतर तिथे बोट लावलं नाही. बोटाचं तेल पुरेसं असतं.

बोथट सुईची सिरिंज या कामाला टूथपिकपेक्षा बरी. टोक खाचेच्या तळाला टेकवायचं आणि रंग खालून वर येऊ द्यायचा, म्हणजे हवेचा बुडबुडा कोंडत नाही. वरून थेंब सोडला तर कोपऱ्यात हवा राहते, वरचा रंग तिच्यावर पुलासारखा वाळतो आणि फटक्याच्या धक्क्याने पूल कोसळतो. चेंडू फेसवर जेमतेम अर्धा मिलिसेकंद असतो, पण तेवढ्यात हेडमधून जाणारा हादरा सुटा कण शोधून काढतो.

सोलची एक अडचण मागच्या बाजूला नसते. सोल गोलाई असलेला. आकड्याचा मधला भाग समतल धरला की वरचं आणि खालचं टोक उताराला लागतं. पातळ रंग तिथून घरंगळतो आणि आकडा एका बाजूला भरलेला, दुसऱ्या बाजूला रिकामा असा वाळतो. यावर उपाय म्हणजे रंग पातळ न करणं, आणि आकडा दोन बैठकांत भरणं: आधी वरचा अर्धा, तो घट्ट झाल्यावर क्लब थोडा फिरवून खालचा.

पुसायचं फडकं जुन्या, पातळ सुती सदऱ्याचं. टॉवेल नको, त्याचे वेटोळे खाचेत शिरून रंग उचलतात. कागदी रुमालाचे धागे रंगात अडकतात. फडकं जुन्या बँक कार्डासारख्या कडक, सपाट तुकड्यावर ताणून बसवलं, टर्पेंटाइनचा ओलावा जेमतेम, आणि फिरवलं ते रेघेला आडवं. रेघेच्या दिशेने पुसलं की फडकं खाचेत उतरतं. प्रत्येक वेळी फडक्याची कोरी जागा. आकड्याची कड अशी धारदार उमटते की रंगवलेली वाटत नाही, छापलेली वाटते. कुंचल्याने कितीही जपून भरलं तरी ही धार येत नाही, कारण ती हाताने काढलेलीच नसते, धातूच्या कडेने आखलेली असते.

कंपनीच्या उथळ नावावर मात्र ओलं फडकं वापरलंच नाही. तिथे रंग आणखी घट्ट होऊ दिला आणि कोरड्या फडक्याने, कार्डाच्या कडेने जादा भाग सरकवून काढला. तरीही दोन अक्षरं पुन्हा भरावी लागली.

रंगांची मांडणी

मालकांना सगळं गडद निळं हवं होतं. आवडीचा रंग, आणि बॅगही निळी. निळा आणि काळा असे दोन आयर्न बॅगेत उभे करून चार पावलांवरून पाहिले, तेव्हा कोणता कोणता ते त्यांनाही सांगता येईना. पांढरा क्रोमवर आणखी वाईट, कारण क्रोममध्ये आकाशच दिसतं आणि पांढरा आकडा त्यात हरवतो. पिवळ्याचीही तीच गत. क्रोमवर बहुतेक उजेडात सर्वांत ठळक दिसतो तो काळाच, त्यामुळे कारखानेही तोच भरतात यात नवल नाही.

पण सगळे आकडे काळे केले तर वाचता येतील, तरी उलटा सहा नऊच राहील. सहाच्या खाली रेघ हा सरळ उपाय, पण तिथे रेघ कोरलेली नव्हती आणि नवी कोरायची म्हणजे मुलामा फोडायचा. सहाच्या आतल्या गोलात रंगाचा ठिपका द्यावा, तर तो गोल खाच नाही, मूळ सपाटीचं उरलेलं बेट आहे. रंग तिथे जेमतेम आठवडाभर टिकला असता.

शेवटी ठरलं ते असं: एक सोडून एक. पाच, सात, नऊ काळे. सहा, आठ आणि पिचिंग वेज नारिंगी. सहा सम आणि नऊ विषम, त्यामुळे ते दोघे आपोआप वेगळे झाले. वर एक फायदा पदरात पडला. सर्वांत जास्त होणारी चूक सहा-नऊची नसतेच, शेजारच्या नंबराची असते. सातऐवजी आठ. एकाआड एक रंगात शेजारी कधीच सारखे नसतात.

लाल का नाही, हे त्यांनी विचारलं. लाल रंग संध्याकाळच्या कमी उजेडात डोळ्यांना झपाट्याने काळपट दिसू लागतो. शेवटच्या तीन होलवर लाल सहा आणि काळा नऊ पुन्हा भाऊ-भाऊ. शिवाय लाल-हिरव्यात गोंधळ होणारे पुरुष बरेच असतात, आणि बॅग कधी दुसऱ्याच्या हातातही असते. नारिंगी आणि काळ्यात नुसती छटा वेगळी नाही, उजळपणाही वेगळा आहे, म्हणून छटा न कळणाऱ्यालाही फरक कळतो. चमकदार फ्लुरोसंट नारिंगी टाळला, तो उन्हात लवकर फिका पडतो.

निळा रंग कंपनीच्या नावात भरला. तिथे वाचण्याची गरज कुणालाच नव्हती.

पटर आणि वेज

पटरच्या वरची नेमरेषा मशीनने कापलेली. भिंती सरळ उभ्या आणि तळ सपाट. रंगाला अशी खाच मिळणं म्हणजे सुख. पण काळ्या मॅट फिनिशवर काहीही घासलं की तिथे चमक येते आणि ती परत जात नाही, आणि पॉलियुरेथेनच्या तुकड्याजवळ ॲसिटोन नेणं म्हणजे तुकडा आणि त्याचा गोंद दोन्ही पणाला लावणं. म्हणून इथे ॲसिटोनचा बोळा वापरलाच नाही. फेस टेपने झाकला, रेषेतला जुना रंग टूथपिकने कोरडाच उकरला आणि जो निघाला नाही तो घट्ट होता म्हणून राहू दिला. रेषेच्या दोन्ही बाजूंना टेप, मध्ये पांढरा, आणि रंग घट्ट होत असतानाच टेप वर न ओढता मागे दुमडत काढला. पांढऱ्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते उन्हाला दाद देत नाही, त्यामुळे ही रेघ फिकी पडण्याची भीती नाही.

सँड वेजवर मालकांची आद्याक्षरं हाताने ठोकलेली होती. ठोकताना धातू कुठे जात नाही, बाजूला सरकतो, आणि अक्षराभोवती बारीक उंचवटा तयार होतो. बोट फिरवलं तर जाणवतो. पुसताना फडकं त्या उंचवट्यावरून सरकतं आणि आत उतरत नाही, त्यामुळे अक्षरं पहिल्या फेरीतच स्वच्छ आली. मुलामा नसलेल्या स्टीलवर गंज रोखायला लोक तेल लावतात, आणि रंगाचं तेलाशी मुळीच जमत नाही. खाचेतलं तेल काढून, गंज नायलॉनच्या ब्रशने झाडून, अल्कोहोलने पुसून लगेच रंग भरला. बाकीच्या हेडला तेलाचा हात नंतर, रंग पक्का झाल्यावर.

पुढे काय झालं

आठवडाभर क्लब तसेच उभे ठेवून मग दिले. एक संपूर्ण हंगाम खेळून संच पुन्हा तपासायला आला. सोलवरचे आकडे सगळे शाबूत, फक्त पिचिंग वेजच्या अक्षराचा टाचेकडचा कोपरा झिजलेला. त्या भागावर जमीन सर्वांत जास्त घासते, आणि वाळूत तर घासणकागदच. पटरची रेघ जशीच्या तशी. सँड वेजच्या अक्षरांत एका ठिकाणी गंजाचा ठिपका कडेने आत शिरला होता, तेवढं अक्षर रिकामं करून पुन्हा भरलं.

कंपनीच्या नावातला निळा मात्र तीन आयर्नवर तुटक झाला होता. अपेक्षित होतं, तरी इतक्या लवकर नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं की मैदानावरच्या सफाईच्या जागी तारेचा ब्रश ठेवलेला असतो आणि क्लब उचलून देणारा मुलगा पाठही त्यानेच घासतो. तारेचा ब्रश खोल आकड्यातल्या रंगापर्यंत पोचत नाही, उथळ अक्षरांत सहज पोचतो. मालकांना नायलॉनचा ब्रश बॅगेला अडकवायला सांगितला. नाव पुन्हा भरू का, असं विचारलं, तर म्हणाले, राहू द्या, आता ते कोण वाचतं.

सहा आणि नऊची गल्लत त्यानंतर झाली नाही, असं त्यांचं म्हणणं. चेंडू अजूनही अधूनमधून ग्रीनच्या अलीकडे पडतो, पण आता क्लब योग्य असतो.

नारिंगी रंग दोन छटा मिसळून केलेला होता, आणि तीच छटा पुन्हा जुळवणं जवळपास अशक्य. म्हणून उरलेला रंग लहान काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून, हवा न ठेवता बंद करून त्यांना दिला. बाटलीवर मिश्रणाचं प्रमाण लिहिलं आहे. पिचिंग वेजचा कोपरा त्यातूनच भरला आणि छटा जुळली.